वाहतें पाणी आणि काळी कांच

प्रकाशावांचून प्रकाशचित्र नाहीं, हें खरें. परंतु पुष्कळ प्रकाश हीही एक अडचण होते, हें मला वाहत्या पाण्याचीं चित्रें घेऊं लागल्यावर कळलें. लख्ख उन्हांत कॅमेऱ्याचें शटर सेकंदाच्या १२५व्या भागाइतकेंच उघडावें लागतें. तेवढ्यांत पाण्याचे तुषार जागच्या जागीं थिजल्यासारखे दिसतात. ओघ दुधाप्रमाणें सलग उमटावयाचा, तर शटर कांहीं सेकंद उघडें पाहिजे. पण मग सारें चित्र पांढरेंफटक होतें.

यावर उपाय म्हणजे भिंगापुढें बसविण्याची काळी कांच. तिला 'न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर' म्हणतात. सर्व रंगांचा प्रकाश ती जवळजवळ सारख्याच प्रमाणांत अडविते. तिची शक्ति 'स्टॉप'मध्यें मोजतात, व प्रत्येक स्टॉपागणिक प्रकाश निम्मा होतो. निम्म्याचें निम्में असें दहा वेळां केलें, तर १०२४वा भाग उरतो. म्हणून दहा स्टॉपांच्या कांचेनें १२५व्या भागाऐवजीं सुमारें ८ सेकंद मिळतात. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, आणि इतक्या काळ्या कांचेंतून डोळ्यांस फारसें दिसत नसल्यामुळें चौकट व फोकस आधींच ठरवून मग ती लावावी.

प्रवरेवरील रंधा धबधब्याचीं मीं कांचेशिवाय व कांचेसह घेतलेलीं दोन चित्रें वर्गांत दाखविलीं, तेव्हां एका मुलानें विचारलें, "सर, यांतलें खरें कोणतें?"

मीं त्याला दागेर याच्या १८३८ सालच्या चित्राची हकीकत सांगितली. पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचें तें चित्र. त्या काळीं एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें चालतीं माणसें व धांवत्या गाड्या उमटल्याच नाहींत. जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठीं थांबलेला एक गृहस्थ मात्र ओळखूं येतो. रस्ता ओस नव्हता, आणि चित्रही खोटें नव्हतें. चित्र किती वेळांत घेतलें हें ठाऊक असल्यावांचून त्याचा अर्थ पुरता लागत नाहीं, एवढेंच.

मुलांनो, ही गोष्ट तुमच्या जिवाशीं निगडित आहे. चित्रांत रेशमासारखें मऊ दिसणारें तें पाणी प्रत्यक्षांत धडधाकट माणसासही ओढून नेतें. चित्राच्या मोहानें ओल्या खडकावर पाऊल टाकूं नका. आणि पालकांनीं अशा ठिकाणीं लहानांचा हात सोडूं नये. मी अशा प्रत्येक चित्राखालीं सेकंद लिहितों, व शेजारीं कांचेशिवाय घेतलेलें चित्रही लावितों.