दाराचं पॅड

मागचं डावं दार उघडलं की आधी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मग दिसतं ते दाराचं पॅड: खालून फुगलेलं, भिजलेल्या खारीसारखे पापुद्रे सुटलेलं, दोन-तीन क्लिपांवर कसंबसं लटकलेलं. बाकीच्या तीन दारांना मेंदी रंगाचं रेक्झिन, या एकट्याला चॉकलेटी.

गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. मुक्काम पुणे, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा. मालक आता पन्नाशी ओलांडलेला. गाडी घरी आली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मागची डावी जागा त्याची ठरलेली होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा तो काळ; मारुती ८०० रस्त्यावर यायला अजून अवकाश होता, ती आली डिसेंबर १९८३ मध्ये. त्यामुळे बाबा गाडीचं सोवळं देवघरापेक्षा कडक पाळायचे. आणि पहिल्याच मे महिन्यात, कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढावर, चिरंजीवांनी दाराच्या रेक्झिनला बोटाने भोक पाडलं. ते आधीच उसवलेलं होतं, असं तो आजही सांगतो. आतला पिवळा फोम दिसू लागला. साताऱ्यापर्यंत भोकात करंगळी मावायला लागली.

बाबा ओरडले नाहीत. परतीच्या प्रवासात त्यांनी त्याला पुढच्या अखंड सीटवर, आपल्या नजरेच्या टप्प्यात बसवलं, एवढंच. पुढे १९९४ मध्ये घरच्या सोफ्याला नवं रेक्झिन लागलं, तेव्हा उरलेल्या तुकड्याने त्यांनी ते पॅड स्वतःच मढवून टाकलं. आईचं त्यावर मत असं, की त्या बाजूला बसलं की सोफ्यावर बसूनच गावाला निघाल्यासारखं वाटतं.

बाबा गेल्यावर गाडी तीन वर्षं उभी होती. ती चालू करणं अवघड गेलं नाही. इटलीत १९६६ मध्येच बंद पडलेली फियाटची ११०० डी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने थेट एकविसावं शतक उजाडेपर्यंत काढली, १९७४ पासून पद्मिनी या नावाने. मुंबईची टॅक्सी म्हणून ती इतकी धावली, की गॅसकेट, क्लचप्लेट, ब्रेकचे रबर यांची अख्खी बाजारपेठ उभी राहिली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तीही रस्त्यावरून उतरली. सुटे भाग मात्र अजून कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या माळ्यावर निघतात.

पॅडं निघत नाहीत. कारण सोपं असावं. इंजिन सगळ्या टॅक्सीवाल्यांना सारखंच लागतं; आतली सजावट ज्याची त्याची. कुणी गुलाबाच्या फुलांचं रेक्झिन लावी, कुणी मखमल. ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने २०१५ मध्ये तरुण चित्रकारांची डिझाइन्स मुंबईच्या टॅक्स्यांत नेली, त्याच्या कितीतरी आधीपासून टॅक्सीचं छत हे मुंबईतलं एक प्रदर्शनच होतं. कारखान्याच्या साध्या पॅडला या गर्दीत गिऱ्हाईक कुठून असणार?

म्हणून पॅड नव्याने करायचं ठरलं.

पॅड म्हणजे मूळचा हार्डबोर्ड. लाकडाचे तुकडे दाबाखालच्या वाफेत ठेवायचे आणि दाब एकदम सोडून त्यांचे तंतू फोडायचे, मग ते तंतू गरम दाबाखाली थापायचे, ही अमेरिकेतल्या विल्यम मेसन यांची १९२४ ची युक्ती. स्वस्त, गुळगुळीत, वाकायला तयार. पण पाण्याशी वैर. आणि मोटारीच्या दारात पाणी जातंच. काचेलगतची रबरपट्टी ते पूर्ण अडवत नाही. पाणी दाराच्या पोकळीत उतरून तळाच्या भोकांतून निघून जावं, अशी योजना असते. पोकळी आणि पॅड यांच्यामध्ये फक्त एक प्लॅस्टिकचा कागद. बाबांनी १९९४ मध्ये पॅड काढलं तेव्हा तो कागद फाटला असणार, कारण आता तिथे कडेला चिकटलेल्या चार चिंध्या होत्या. म्हणजे बोटाने भोक पाडलं, भोकामुळे पॅड निघालं, पॅडामुळे कागद गेला आणि पुढचे पावसाळे पुठ्ठ्याने पिऊन टाकले. आरोपी शेवटी तोच.

चॉकलेटी रेक्झिन सोलताना खाली जुनं मेंदी सापडलं. भोकाच्या जागी सायकलच्या पंक्चरचं गोल ठिगळ, कडा व्यवस्थित घासून लावलेलं. ते बाबांनी कधी लावलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. एवढ्या वर्षांनी कड उचलली नव्हती.

अडचण होती रंगाची. उन्हापासून झाकलेली ती मेंदी गर्द होती, उरलेल्या तीन दारांवरची सुकलेल्या पाल्यासारखी. उन्हाने रंग उडतो, आणि पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्यही हळूहळू उडून जातं. बंद गाडीच्या काचेवर आतून येणारा चिकट धूसर थर बराचसा त्या द्रव्याचाच. आता जुळवायचं कशाशी? मुळाशी जुळवलं तर तीन दारं परकी, तीन दारांशी जुळवलं तर मूळ खोटं. नाना पेठेतल्या कुशनवाल्या चाचांनी नमुना हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, “चारही करा साहेब. एका दारासाठी तिघांना का रुसवता?”

हार्डबोर्डाऐवजी चार मिलिमीटरची मरीन प्लाय घेतली, आयएस ७१० चा शिक्का पाहून. डावं पॅड फुगून बोटभर वाढलं होतं, म्हणून कागदावर माप काढलं उजव्याचं. प्लाय कापली, भोकं पाडली, कडांना सीलर पाजला, फोम चिकटवला आणि दाराला लावून पाहिलं तर काचेच्या हँडलचं भोक भलत्याच बाजूला. उजव्या दाराची दोन पॅडं झाली होती.

“प्लायला आरसा दाखवायचा राहिला,” चाचा म्हणाले.

फोम खरवडून दुसऱ्या बाजूला लावायचा, तर जुलै लागलेला. एसआर गोंद दोन्हीकडे लावून बोटाला तार येईनाशी होईपर्यंत थांबायचं असतं. पण त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेत त्यावर दव धरतं. मग चिकटल्यासारखं दिसतं आणि आठवड्यात सुटतं. चार दिवस उघडिपीची वाट पाहिली. गोल कोपऱ्यांवर रेक्झिनला मागून त्रिकोणी चिरा दिल्या, नाहीतर चुण्या पडतात. सहा मिलिमीटरच्या पिना चार मिलिमीटरच्या प्लायमधून पुढे डोकावल्या, त्याही उपटून पुन्हा. प्लॅस्टिकचा कागद मात्र या वेळी विसरला नाही.

चारही दारं आता एका रंगाची आहेत. आई मागे डावीकडे बसली, तळहात फिरवला, “गुळगुळीत झालंय” म्हणाली आणि काच खाली करायला गेली. हँडल हातात आलं. प्लाय जुन्या हार्डबोर्डापेक्षा मिलिमीटरभर जाड, त्यावर नवा फोम. आतला दांडा तेवढा आत गेला होता आणि हँडलच्या पिनेला धरायला जागाच उरली नव्हती. जुन्या टॅक्सीत ड्रायव्हर एकच हँडल सगळ्या दारांना पुरवायचा, तसं ते सध्या पुढच्या कप्प्यात असतं. ज्याला वारा हवा, तो मागतो.