डेल्फ्टमधला संगमरवरी कुत्रा

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना डेल्फ्टला नेतोच. आधी निळ्या-पांढऱ्या भांड्यांची दुकानं, मग चौकातलं न्यूवे केर्क. तिथे या देशाचा राष्ट्रपिता विलेम व्हान ओरान्ये याची समाधी आहे. हेंड्रिक द कायझर या शिल्पकाराने १६१४ मध्ये तिचं काम हाती घेतलं. पांढऱ्या संगमरवरात राजपुत्र निजला आहे आणि पायाशी त्याचा कुत्रा.

एरवी मी पाहुण्यांबरोबर तिथून पुढे सरकते. या जूनमध्ये मात्र मी आणि माझी आठ वर्षांची लेक तिथेच थांबलो. एप्रिलमध्ये आमचा मोती गेला होता. नऊ वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर. सकाळी कालव्याकाठी नेहमीसारखा हिंडला, दुपारी उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या. पशुवैद्यांनी सोनोग्राफी करून सांगितलं, हेमॅन्जिओसार्कोमा. हा रक्तवाहिन्यांचा कर्करोग. बरेचदा तो प्लीहेत वाढतो आणि गाठ फुटून पोटात रक्तस्राव होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोती गेला.

समाधीपाशी मी लेकीला गोष्ट सांगितली. १५७२ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी रात्री छावणीवर छापा घातला, तेव्हा कुत्र्याने राजपुत्राला जागं करून वाचवलं म्हणतात. १५८४ मध्ये इथे डेल्फ्टमध्येच राजपुत्राचा खून झाला आणि कुत्र्याने अन्नपाणी सोडून प्राण दिला, अशी आख्यायिका आहे. सांगता सांगता रायगडचा वाघ्या आठवला. त्याच्या कथेलाही समकालीन पुरावा नाही, पण लहानपणी आम्ही ती डोळ्यांत पाणी आणून ऐकायचो.

लेक म्हणाली, "कुत्रा जेवला नाही. मग मोती गेल्यावर आपण का जेवलो गं?"

शाळेत शिकवताना मुलांचे खूप प्रश्न झेलले, पण याला लगेच उत्तर सुचेना. मग त्या रात्रीचं आठवलं. आमची चूल पेटलीच नव्हती. रोज सकाळी आपल्या कुत्र्याला घेऊन भेटणाऱ्या शेजारच्या आजी सूपचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भात आणतात, अगदी तसं. त्या समोर बसून राहिल्या, आणि आम्ही जेवलो.

"आजी सूप घेऊन आल्या ना, म्हणून," मी म्हणाले. लेकीने संगमरवरी कुत्र्याकडे पाहिलं. "याच्याकडे कुणी आलं नसेल," ती म्हणाली.