जोड

दोन वर्षे आमच्या अंगणात रांगोळी नव्हती. आई खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथल्या यंत्रात तिच्या उजव्या तर्जनीचे टोकाचे पेर गेले आणि त्यानंतर रांगोळीचा डबा माळ्यावर गेला. मी तिची एकुलती एक मुलगी. पण माझा हात रांगोळीकडे कधी वळला नाही. कुणी विचारले तर मी अभ्यासाचे कारण सांगत असे.

यंदा स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूची नक्षी काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी आईची आलेखाच्या कागदाची जुनी वही काढली आणि त्यातले एक पान निवडले. खोपोलीला एका मैत्रिणीच्या संगणकावर मी 'इंकस्केप' नावाचे, मोफत मिळणारे चित्रकलेचे सॉफ्टवेअर शिकत होते. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशने मोजत जायचे आणि शेवटच्या लोकलने परतायचे.

अशा नक्षीची रीत सोपी वाटते. एक चौकोनी तुकडा काढायचा आणि फरशी बसवावी तसा तो शेजारी शेजारी मांडत जायचा. खरी परीक्षा कडेला असते. उजव्या कडेबाहेर गेलेले पान डाव्या कडेने तेवढेच आत आले पाहिजे. तुकडा २०० पिक्सेल रुंद असेल तर त्या पानाची प्रत बरोबर २०० पिक्सेल डावीकडे ठेवायची; एका पिक्सेलची चूकही डोळ्याला खुपते. सॉफ्टवेअरमध्ये मांडणीचे १७ प्रकार दिलेले आहेत. सपाट पृष्ठावर पसरणाऱ्या नक्षीची सममिती १७ प्रकारांचीच असू शकते, हे फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये सिद्ध केले होते. हे वाचून मी भारावून गेले. मग आईच्या वहीकडे लक्ष गेले. पानाच्या डोक्यावर तिने लिहिले होते, "१५ ते ८, मधले ठिपके." म्हणजे पुढच्या ओळीतला ठिपका मागच्या दोघांच्या मधोमध. मी संगणकाला तेच सांगत होते : एकाआड एक ओळ ५० टक्के सरकव.

छापलेला कागद आईला दाखवला. तिने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "जोड दिसतोय गं." खरेच, दोन तुकड्यांच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ होती. मी सगळ्या नक्षीखाली रंगाची एकच सलग जमीन अंथरली. रेघ गेली. पुन्हा दाखवला. या वेळी ती बराच वेळ पाहत राहिली. "छान आहे. पण ही कुणाची?"

मला राग आला. तिच्याच वहीतली होती! पानांत थोडा फरक हवा असेल म्हणून मी सॉफ्टवेअरमधली यदृच्छेची सोय वापरली आणि प्रत्येक पान जरासे वाकवले. नक्षी वाऱ्याने उधळल्यासारखी झाली.

त्याच महिन्यात आमची सहल कोंडाण्याच्या लेण्यांत गेली. कोंडिवड्यापासून पुढे रानातून वाट आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली मानली जाणारी ही लेणी. चैत्याच्या दर्शनी भागावर कठड्याच्या नक्षीच्या ओळी एकीवर एक कोरल्या आहेत. जवळून पाहिले तर एकही चौकट शेजारच्या चौकटीसारखी नाही. दूर गेले की ओळ सरळ. तिथे ब्राह्मी लिपीत कोरले आहे की हे कण्हाचा शिष्य बलक याने केले. कितीतरी वेळ मी त्या चौकटींकडे पाहत उभी होते.

घरी आल्यावर माळ्यावरून डबा काढला आणि आईपुढे ठेवला. म्हटले, "मला शिकव." ती गप्पच बसली. मग अंगठा आणि मधले बोट यांत तिने चिमूट धरली. पहिल्या पानाची रेघ तुटली. दुसरे जाड झाले. तिने फडके उचलले. मी तिचा हात धरला. ओळीने सात पाने झाली. मग तिने माझ्या हातात चिमूट दिली आणि माझ्या पानाला ती मनापासून हसली.

त्या सात पानांचे फोटो काढून मी ती जशीच्या तशी गिरवली आणि एका तुकड्यात बसवली. पत्रिका छापून आली तेव्हा आईने आपले थोटे बोट कडेपासून कडेपर्यंत फिरवले. जोड सापडला नाही. दुसऱ्या पानाशी मात्र बोट थांबले. "हे जाड झालंय बघ," ती म्हणाली.

पत्रिका ज्यांनी जपून ठेवली असेल त्यांनी मागची बाजू पाहावी. दर सात पानांत एक जाड आहे. ते मी मुद्दामच तसे ठेवले आहे.