पाच ताटं

२०१४च्या पावसाळ्यात सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून एक जोडपं माझ्या ओपीडीत आलं. नवरा छत्तीस वर्षांचा, वजन अडतीस किलो. दिवाळीनंतर निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचा. त्या वर्षी मात्र हंगाम अर्धा टाकून घरी परतला होता, कारण खोकल्याने त्याला उभं राहवत नव्हतं. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. त्या काळी दिवसाआड गोळ्या असायच्या आणि सहा महिन्यांच्या औषधांचा खोका रुग्णाच्या नावाने वेगळा काढून ठेवला जायचा. त्याचाही ठेवला.

मग मी रोज जे सांगायची ते सांगितलं. खोकताना तोंडावर रुमाल धरा, बेडका डब्यात टाका, घरात हवा खेळती ठेवा, दूध, अंडी, डाळी असं चांगलं खा. शेवटी आठवणीने म्हटलं, "आणि ताट वेगळं करायची गरज नाही." पुष्कळ घरांत क्षयाच्या माणसाचं ताट-पेला बाजूला काढतात आणि त्याला कोपऱ्यात बसवतात. हा आजार भांड्यातून पसरत नाही, खोकल्याबरोबर हवेत उडणाऱ्या कणांतून पसरतो. हे समजावताना मला नेहमी वाटायचं की आपण एका माणसाला त्याच्या घरात परत बसवतोय.

तोवर गप्प असलेली त्याची बायको म्हणाली, "ताट वेगळं कसं करू, बाई? त्याला एकट्याला अंडं वाढलं तर पोरं बघत राहतील. घरात पाच ताटं आहेत."

मी संसर्गाबद्दल बोलत होते आणि ती अन्नाबद्दल. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना चार दिवसांची व्हिटॅमिनची गोळी लिहून दिली आणि पुढचा केसपेपर उचलला. ते मला अजून लागतं.

नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये, त्या वाक्याचं उत्तर छापून आलं. झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' नावाच्या अभ्यासाचे दोन शोधनिबंध 'द लॅन्सेट' आणि 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकांत एकाच वेळी प्रसिद्ध झाले. हा अभ्यास डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. भार्गव दांपत्य आधी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेत काम करत असे. तिथल्या क्षयरुग्णांच्या नोंदी त्यांनी २०१३मध्ये मांडल्या होत्या. उपचार सुरू होताना पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो आणि बायकांचं ३४ किलो होतं. मी तो लेख वाचला तेव्हा माझ्या रजिस्टरमधली पानंच कुणीतरी छापली आहेत असं वाटलं. पण त्यात नुसती स्थिती होती. तिच्यावर काय करायचं, ते झारखंडच्या अभ्यासाने सांगितलं.

चार जिल्ह्यांतल्या २८ क्षयरोग केंद्रांमधले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं अभ्यासात घेतली होती. या घरच्या माणसांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश आदिवासी होती : संथाळ, हो, मुंडा, उराँव, भूमिज. प्रत्येक रुग्णाला महिन्याला दहा किलोंचा शिधा मिळाला. त्यात पाच किलो तांदूळ, दीड किलो दूध पावडर, तीन किलो फुटाण्याचं पीठ (तिकडे त्याला सत्तू म्हणतात) आणि अर्धा लिटर तेल. सोबत जीवनसत्त्वांची गोळी. हा शिधा सगळ्या रुग्णांना दिला. उपाशी क्षयरुग्णाला तुलनेसाठी उपाशीच ठेवणं कुणालाही मान्य होण्यासारखं नव्हतं, आणि ते मान्य नसणं या अभ्यासाच्या आखणीतच दिसतं.

तुलना केली ती घरच्यांची. कोणत्या केंद्रातल्या कुटुंबांना वाढीव शिधा द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निम्म्या केंद्रांत फक्त रुग्णाचा शिधा गेला. उरलेल्या निम्म्या केंद्रांत घरातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळही गेली. मग या घरांकडे २०२२पर्यंत लक्ष ठेवलं. मध्ये कोविडचा सगळा काळ येऊन गेला.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा पोहोचला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. ज्या क्षयाचे जंतू तपासणीत सापडतात आणि जो दुसऱ्याला लागतो, तो फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. सुमारे तीस घरांना धान्य दिलं की एक माणूस क्षयापासून वाचतो, असाही हिशेब त्यांनी मांडला. औषध नाही, लस नाही. तांदूळ, तूरडाळ आणि सोबत जीवनसत्त्वांची गोळी.

निबंध वाचून संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. सुरगाण्याच्या त्या बाईने विचारलं होतं तेच या लोकांनी दहा हजार माणसांना घेऊन तपासलं होतं. एकट्याचं ताट नको, पाचही ताटं भरा.

यामागची कारणं नवी नाहीत. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झाला, असं नसतं. ज्यांना लागण होते त्यांच्यापैकी पाच ते दहा टक्के लोकच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या फुफ्फुसात पेशी त्या जंतूभोवती कुंपण घालतात आणि त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. हे कुंपण एकदा घालून भागत नाही, त्याची राखण करावी लागते. ती राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. माणूस सुकत गेला की आधी त्या दुबळ्या होतात. वजन आणि क्षय यांचं नातं इतकं नेमकं आहे की २०१०मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून ते आकड्यात मांडलं गेलं : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एका अंकाने वाढला तर क्षयाचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी उतरतं.

मग इतकी वर्षं आम्ही डॉक्टर अन्नाबद्दल गप्प का होतो? खरं तर आमचे पूर्वज गप्प नव्हते. औषधं नव्हती तेव्हा उपचार म्हणजे आरोग्यधामात जाऊन राहणं, मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीत असं आरोग्यधाम होतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाची वसाहत पहिल्या महायुद्धाच्या शेवटी उभी राहिली. तिथे क्षयरुग्ण बायको-मुलांसह राहत, झेपेल तेवढं काम करत, मजुरी मिळवत, पोटभर जेवत. तिथल्या मुलांना आईबापांकडून लागण होत होती, पण आजारी मात्र फारच थोडी पडत. भार्गव आणि सहकाऱ्यांनी ही जुनी गोष्ट धुळीतून वर काढून पुन्हा छापली, यासाठीही मी त्यांचं ऋण मानते.

मग औषधं आली. १९५६मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं आणि तिथे एक मोठा प्रयोग झाला. काही रुग्णांना वर्षभर आरोग्यधामात ठेवलं. तिथे आहार उत्तम होता आणि आरामही होता. बाकीच्यांना तीच औषधं देऊन त्यांच्या घरी ठेवलं. घरं गरिबांची, जेवण तुटपुंजं. १९५९मध्ये निकाल आला, तो असा की दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. हा निकाल साऱ्या जगासाठी मोलाचा ठरला. लाखो गरीब रुग्णांना घर सोडावं लागलं नाही, आणि पुढे सगळा क्षयरोग कार्यक्रम त्यावरच उभा राहिला. पण वाचणाऱ्यांच्या मनात त्यातून आणखी एक गोष्ट घर करून बसली, ती म्हणजे औषध चोख असेल तर अन्नाचं फारसं काही अडत नाही. त्या प्रयोगातला मुख्य प्रश्न घरी राहूनही औषधांनी रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो का, हा होता. घरातल्या पुढच्या माणसाला आजार होऊ नये म्हणून काय लागतं, हे त्या प्रयोगाने शोधलं नव्हतं. शिकताना आम्हालाही हे दोन प्रश्न वेगळे करून कुणी सांगितली नाहीत. मीही तो धडा तसाच विद्यार्थ्यांना शिकवला.

मद्रासच्या त्या केंद्राचीच पुढे चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाली, आणि झारखंडच्या अभ्यासात ती सहभागी होती. साठ वर्षांनी त्याच संस्थेच्या नावाने प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग तपासला गेला, हे वाचून मला खरोखर भरून आलं.

दुसरा निबंध रुग्णांबद्दलचा. झारखंडच्या त्या २,८०० रुग्णांपैकी ८२ टक्क्यांचा बीएमआय साडेअठराच्या खाली होता, म्हणजे वजन हवं त्यापेक्षा कमी. सतरा टक्क्यांचा तर चौदाच्याही खाली. आकडा कोरडा वाटतो म्हणून सांगते : पाच फुटांच्या जवळपास उंची असलेल्या माणसाचा बीएमआय चौदा म्हणजे वजन जेमतेम साडेएकतीस किलो. अशा माणसाच्या बाबतीत उपचारांचे पहिले दोन महिने निर्णायक असतात. दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ज्याची प्रकृती मुळात बरी आहे त्याचं वजनही लवकर वाढतं, त्यामुळे हा सगळा परिणाम शिध्याचाच आहे असं मी म्हणणार नाही. पण चाळीस किलोंच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. दोन किलो वजन हे कुठल्याही वजनकाट्यावर दिसतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आता प्रत्येक फेरीला मी आधी वजन विचारते, मग खोकला.

त्याच निबंधातला एक आकडा मला सर्वांत जवळचा वाटतो. उपचार सुरू झाले तेव्हा रुग्णांपैकी फक्त तीन टक्के काम करू शकत होते. उपचार संपले तेव्हा पंच्याहत्तर टक्के. मजुरीवर चालणाऱ्या घरात बरं होणं म्हणजे हेच. क्ष-किरण फोटो साफ झाला तरी माणूस बागेत फवारणीचा पंप पाठीवर घेऊ शकत नसेल, तर घर आजारीच राहतं.

आणखी एक सांगते, रागाने सांगते. असे रुग्ण खाजगीत गेले की त्यांना प्रोटीन पावडरचे महागडे डबे लिहून दिले जातात. डबा आठवड्यात संपतो आणि त्याच्या पैशांत घरातलं महिन्याचं गोडंतेल आणि डाळ गेलेली असते. झारखंडच्या शिध्यात फुटाण्याचं पीठ होतं. आपल्याकडे शेंगदाणे आहेत, गूळ आहे, उडीद आहे, नागली आहे. डब्यावरचं चित्र सोडलं तर त्यात असं काही नसतं जे आपल्या दुरडीत नाही.

हे उत्तर सगळ्या क्षयरुग्णांसाठी नाही. मुंबईत बंद खोलीत दहा तास काम करणाऱ्या, मधुमेह असलेल्या, सत्तर किलोंच्या माणसाचा क्षय वेगळ्या वाटेने येतो. त्याला साखर आटोक्यात आणायची असते, तांदळाची पिशवी नको असते. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा प्रश्नही अन्नाने सुटत नाही. आणि गोळ्या थांबवून कुणी नुसतं दूध-अंड्यांवर बरं होऊ पाहील, तर तो मरेल. हे मी स्वच्छ शब्दांत लिहिते, कारण तसं करणारे लोक मी पाहिले आहेत.

सरकार २०१८पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला पाचशे रुपये देत होतं. नोव्हेंबर २०२४पासून ते हजार झाले. याचा मला आनंद आहे. पण माझ्या ओपीडीत पैसे अडकतात ते आकड्यापाशी नाही. खातं बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं, किंवा पैसे तीन महिन्यांनी एकदम येतात. पहिले दोन महिने तोवर निघून गेलेले असतात. त्या दोन महिन्यांत घरात डाळ पोहोचवायची असेल, तर ती रेशन दुकानातून, गोळ्यांसोबत, घरातल्या माणसांची संख्या पाहून यायला हवी. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. ज्या देशात रेशनचं दुकान पाड्यापर्यंत पोहोचलं आहे, तिथे हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

सुरगाण्याचा तो रुग्ण सहा महिन्यांत बरा झाला. नोंदवहीत त्याच्यापुढे 'बरा' असा शिक्का आहे. २०१७च्या उन्हाळ्यात त्याची बायको पुन्हा आली. या वेळी थोरली मुलगी सोबत होती, पंधरा वर्षांची, गालफडं बसलेली. महिनाभर खोकत होती. बेडक्यात जंतू निघाले. लागण बहुधा बापाकडूनच, जुनी. मध्ये तीन वर्षं होती आणि त्या तीन वर्षांत त्या घरात कुणाचंही ताट भरलं नव्हतं. बाईने मला ओळखलं. ती काही बोलली नाही. मुलगीही बरी झाली, पण तिची दहावी त्या वर्षी राहिली ती राहिलीच.

माझ्या केसपेपरवर कुटुंबाची माहिती लिहायला एक ओळ असते. पूर्वी तिथे मी 'घरात आणखी कुणाला खोकला?' याचं उत्तर लिहायची. आता त्याच्या शेजारी एक आकडा लिहिते. परवा पेठकडचा एक तरुण आला होता, नवा रुग्ण, वजन एक्केचाळीस. त्याला विचारलं, घरात ताटं किती वाढतात? त्याने बोटांवर मोजलं : आई, बायको, दोन मुलं, धाकटा भाऊ आणि तो स्वतः. "सहा," म्हणाला. मग थांबून म्हणाला, "बहीण बाळंतपणाला आली आहे, बाई. ती धरायची का?"

मी सात लिहिलं.