पावसाळ्यातला हीटर

कोकणातल्या एका रुग्णालयाचा एसी प्लान्ट मी सांभाळतो. ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, हवा पुरवणाऱ्या यंत्रात (एएचयू) एक हीटर असतो. आधी हवा थंड करायची आणि मग तीच तापवायची, ही मला निव्वळ उधळपट्टी वाटायची. पावसाळ्यात मी तो बंदच ठेवायचो आणि वीजबिल कमी आलं की अभिमानाने दाखवायचो.

मग ओटीतून फोन यायचा, "फार चिकचिक होतंय, कूलिंग वाढवा." अंगावर गाऊन, डोक्यावर दिवे, सर्जन घामेजलेले. मी सेटिंग 18 वर आणायचो. जितकं थंड तितके जंतू कमी, अशीही माझी समजूत होती.

त्याच ओटीत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रिकव्हरीत ती अशी कुडकुडत होती की ट्रॉलीचा कठडा खडखडत होता. दोन ब्लँकेटं घालूनही बोटं गारठलेली. भुलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात. आतली ऊब हातापायांकडे जाते, पहिल्या तासातच आतलं तापमान अंशभर उतरतं. त्यात तुमचं 18."

त्यांनीच 1996 चा एक अभ्यास वाचायला दिला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे 200 रुग्ण. ऊबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला, अंग गार पडू दिलेल्यांपैकी 19 टक्के. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हीटर मला तेव्हा कळला. 21 अंशांना आर्द्रता 50 टक्क्यांवर ठेवायची, तर हवा आधी 10-11 अंशांपर्यंत उतरवून तिच्यातलं पाणी थंड पाण्याच्या कॉइलवर गाळावं लागतं. ओटीतली हवा तासाला वीसेक वेळा बदलते. एवढी गार हवा तशीच सोडली तर खोली गोठेल, म्हणून ती पुन्हा कोमट करायची. हीटर बंद असला की खोली फार गार होऊ नये म्हणून कॉइलमधलं थंड पाणी आपोआप कमी होतं आणि ओल हवेतच राहते. म्हणजे ती चिकचिक मीच करत होतो आणि तिच्यावर उपाय म्हणून आणखी गारठा देत होतो. तो सोसायचा टेबलावर एका चादरीखाली निजलेल्या माणसाने.

आता जून ते सप्टेंबर हीटर चालू असतो. बिल वाढलंय आणि त्याबद्दल वरिष्ठांशी भांडायची माझी तयारी आहे. ओटीतून फोन आला की मी आधी आर्द्रतेचा आकडा विचारतो. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.