ऐनाच्या फांदीवरचा कोसा

कोराडीची ओळख जगदंबेचे मंदिर आणि औष्णिक वीज केंद्र यांनी होत असली, तरी तेथून पूर्वेकडे व आग्नेयेकडे भंडारा, गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या ऐन-अर्जुनाच्या रानांत टसर पतंग, म्हणजे ज्याच्या कोशापासून वन्य रेशीम मिळते तो कीटक, नांदतो आणि ढिवर समाजाने त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या केली आहे, हे अधिक चिंतनीय वाटते. नर तांबूस, मादी बहुधा पिवळसर व मोठी; चारही पंखांवर पारदर्शक गोल डाग असून त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. अंड्यातून ८ ते १० दिवसांत निघालेली अळी चार वेळा कात टाकून बोटाएवढी, हिरवीगार होते आणि फांदीभोवती रेशमी कडे घालून चिवट देठाने कोसा, म्हणजे आपला कोश, टांगते. हा देठ विलक्षणच: पाने गळाली तरी कोसा गळत नाही, आणि आत कोशावस्थेत, म्हणजे अळी व पतंग यांमधल्या निश्चल अवस्थेत, असलेला जीव उन्हाळा सोसून पावसाच्या तोंडाशी बाहेर पडतो. पतंग काहीच खात नाही. अळीने साठवलेल्या बळावर तो मोजके दिवस जगतो. धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो, हे टसर वस्त्रांचे कौतुक करताना सांगितले गेले पाहिजे.