जंताची वाट

मूल झोपेत दात खाऊ लागले, की मराठी घरात गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो. गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा. दोष मुलाच्या जिभेचा आणि तिचे लाड पुरवणाऱ्या आईचा. जंताची वाट मात्र निराळी आहे. विष्ठेतून मातीत मिसळलेले त्याचे अंडे काही आठवड्यांत पक्व होते आणि मळक्या बोटांवाटे वा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जाते. अळी रक्तातून फुप्फुसांत शिरते, खोकल्यासरशी घशाशी येते, पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात वीतभर वाढते. मादी दिवसाकाठी सुमारे २ लाख अंडी घालते.

चरकसंहितेने कृमींवर तीन उपाय सांगितले: त्यांना बाहेर काढावे, त्यांना मानवणारी स्थिती मोडावी आणि कारण टाळावे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी यांतला पहिला उपाय करते. तिसरा गोळीत मावत नाही. शौचालय, पाणी आणि साबण जेथे पोहोचत नाहीत, तेथे आतडे स्वच्छ होते, माती नव्हे; आणि गुळाचा डबा उगाचच वरच्या फळीवर राहतो.